वाचकांचे प्रश्न : इम्युनिटी एवढी चांगली होती, मग कॅन्सर कसा झाला?

मागच्या अंकात मी बायोप्सीचा रिपोर्ट कसा वाचायचा यावर लिहिलं होतं, त्यानंतर खूप पत्रं आणि मेल आले, आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त जणांनी रिपोर्ट सोडून एकच विचारलंय, की आपली रोगप्रतिकारशक्ती कॅन्सरला ओळखत कशी नाही. म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्याच विषयावरचे घेतेय. नावं दिलेली नाहीत, फक्त गावं.

प्रश्न : माझी आई ५८ वर्षांची आहे. आयुष्यात कधी आजारी पडली नाही, आम्हाला सगळ्यांना सर्दी झाली तरी तिला नाही व्हायची. आता ब्रेस्ट कॅन्सर निघाला, ट्रिपल निगेटिव्ह. तिची इम्युनिटी एवढी स्ट्राँग मग हे कसं? आणि रिपोर्टमध्ये "टीआयएल ४० टक्के" लिहिलंय ते काय, चांगलं की वाईट? (डोंबिवली)

ताई, आधी रिपोर्टचं सांगते कारण त्यात तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. मी २८ वर्षं पॅथॉलॉजीत काढली, रोज मायक्रोस्कोपला डोळा लावून. आपण टिश्यूचा पातळ काप काचेवर घेतो आणि त्याला निळा-गुलाबी रंग देतो, मग कॅन्सरच्या पेशी मोठ्या, वेड्यावाकड्या, एकमेकींना चिकटून बसलेल्या दिसतात. आणि काही स्लाइडमध्ये त्यांच्या अवतीभवती आणि अगदी मध्ये घुसून बारीक, गोल, गडद निळे ठिपके दिसतात, कुणाच्या हातून मोहरी सांडावी तसे. ते ठिपके म्हणजे लिम्फोसाइट, आपल्या इम्युन सिस्टिमचे सैनिक, त्यात बऱ्याचशा टी सेल असतात. गाठीत शिरलेल्या या लिम्फोसाइटना टीआयएल म्हणतात. ४० टक्के म्हणजे गाठीच्या पेशींच्या मधल्या जागेतला साधारण ४० टक्के भाग या मोहरीने भरलाय. ट्रिपल निगेटिव्हमध्ये, म्हणजे हार्मोनचे दोन आणि हर-२ हे तिन्ही रिसेप्टर नसलेल्या ब्रेस्ट कॅन्सरमध्ये, हा आकडा जास्त असणं चांगलं समजतात, अशा पेशंटना केमोचा फायदा जास्त होताना दिसतो आणि पुढची वाटचालही त्यामानाने बरी असते.

म्हणजे तुमच्या आईच्या शरीराने कॅन्सर ओळखलाय. सैनिक तिथवर पोचलेत, आत शिरलेत, पण त्यांना काम पुरं करता आलेलं नाही.

आता सर्दीचं. सर्दीचा व्हायरस बाहेरून येतो, त्याचं सगळंच परकं असतं, त्यामुळे ओळखायला सोपा. कॅन्सरची पेशी आपलीच असते, आपल्याच घरात वाढलेली, आणि तिच्यातले बहुतेक सगळे प्रोटीन बाजूच्या चांगल्या पेशीसारखेच. फरक असतो तो थोडक्या जागी. तेव्हा सर्दी न होणं आणि कॅन्सर न होणं याचा तसा थेट संबंध नाही, इथे ताकदीपेक्षा ओळख पटण्याचा प्रश्न जास्त आहे.

आणि इम्युन सिस्टिम कॅन्सरविरुद्ध काहीच करत नाही असंही नाही. किडनी ट्रान्सप्लांट झालेल्यांना किडनी टिकावी म्हणून इम्युनिटी दाबणाऱ्या गोळ्या कायमच्या असतात, त्यांच्यात त्वचेचे कॅन्सर आणि लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइटचेच कॅन्सर, इतरांपेक्षा बरेच जास्त दिसतात. एचआयव्हीची औषधं येण्याआधी त्या पेशंटमध्ये कापोसी सार्कोमा नावाचा एरवी क्वचित दिसणारा कॅन्सर सर्रास दिसायचा. २००१ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसच्या रॉबर्ट श्रायबर यांच्या टीमने दाखवलं की ज्या उंदरांना लिम्फोसाइटच नाहीत त्यांना जास्त गाठी होतात, आणि पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, लिम्फोसाइट असलेल्या उंदरात ज्या गाठी वाढतात त्या मुळातच लपण्यात तरबेज असतात, कारण सहज सापडणाऱ्या पेशी आधीच मारल्या गेलेल्या असतात. म्हणजे तुमच्या आईच्या शरीराने आजवर अशा किती पेशी संपवल्या असतील त्याचा पत्ता आपल्याला कधीच लागणार नाही, आपल्याला कळली ती फक्त निसटलेली. यात आईचं काही चुकलं नाही, खाण्यापिण्यात कमी पडलं असंही नाही, हे तिला जरूर सांगा, कारण बायका नेमका तोच दोष स्वतःला लावून घेतात आणि मला ते बघून फार वाईट वाटतं. आणि ऑन्कोलॉजिस्टना विचारा की केमोसोबत इम्युनोथेरपी आईच्या स्टेजला लागू आहे का, ट्रिपल निगेटिव्हच्या काही पेशंटना ती ऑपरेशनच्या आधीपासून देतात.

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे. पुस्तकात "टी सेल कॅन्सर पेशी नष्ट करतात" एवढी एकच ओळ आहे. पण नक्की ओळखतात कशा? त्यांना डोळे थोडेच असतात. आणि मारतात म्हणजे काय करतात? (कोल्हापूर)

खूप छान प्रश्न, याला जरा सविस्तर सांगते, सावकाश वाच.

आपल्या शरीरात साधारण ३० लाख कोटी पेशी आहेत. लाल रक्तपेशी सोडल्या तर जवळजवळ प्रत्येक पेशी आत प्रोटीन बनवते, आणि जुने झालेले प्रोटीन तोडून त्यांचे बारीक तुकडे करते. त्यातले ८ ते १० अमिनो आम्लांचे छोटे तुकडे एका खास ताटलीत ठेवून ती आपल्या पृष्ठभागावर मांडते. या ताटलीचं नाव एचएलए, किडनी किंवा बोन मॅरो देताना "एचएलए मॅच झालं का" म्हणतात ना, तीच ही. शितावरून भाताची परीक्षा म्हणतो तसं आहे बघ, टी सेलला पेशीच्या आत शिरून बघता येत नाही, ती बाहेर मांडलेली शितं चाचपते आणि आत काय शिजतंय ते ठरवते. टी सेल तुकडा आणि ताटली दोन्ही मिळून ओळखते, नुसता तुकडा नाही, हे १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेराला पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनॅगल यांनी शोधलं, त्याला १९९६ चं नोबेल मिळालं. ही ताटलीची गोष्ट लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

मग टी सेलला कसं कळतं की कुठलं शीत आपलं आणि कुठलं बिघडलेलं? तिचं शिक्षण छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस नावाच्या ग्रंथीत होतं, टी सेलमधला टी तिथलाच. तिथे प्रत्येक टी सेलला नशिबाने एक वेगळा रिसेप्टर मिळतो, जणू प्रत्येकीच्या हातात वेगळी किल्ली, आणि जी किल्ली आपल्याच निरोगी तुकड्यांना घट्ट बसते ती टी सेल तिथेच संपवली जाते. जिची किल्ली ताटलीला बसतच नाही तीही संपते. १०० पैकी ९५ हून जास्त नापास होतात. जे उरतात ते रक्तातून आणि लिम्फ नोडमधून फिरत राहतात, आपल्या किल्लीचं कुलूप कुठे भेटतंय ते बघत.

पण नवीन टी सेल आपण होऊन गाठीवर तुटून पडत नाही, तिला आधी कुणीतरी वर्दी द्यावी लागते. ते काम डेंड्रिटिक सेलचं. या झाडाच्या फांद्यांसारखे हात असलेल्या पेशी, मेलेल्या कॅन्सर पेशींचे अवशेष उचलतात, जवळच्या लिम्फ नोडमध्ये जातात आणि तिथल्या टी सेलना तुकडे दाखवतात. यांचा शोध १९७३ मध्ये न्यूयॉर्कला राल्फ स्टाइनमन यांनी लावला. पुढे त्यांना स्वतःलाच स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला, तेव्हा त्यांनी आपल्याच गाठीचा माल वापरून, आपल्याच डेंड्रिटिक सेलपासून बनवलेल्या लसी स्वतःवर घेतल्या. त्या आजारात चार वर्षांहून जास्त जगले. २०११ चं नोबेल त्यांना जाहीर झालं आणि मग समितीला कळलं की ते तीनच दिवसांपूर्वी गेले. मी हे जेव्हा जेव्हा कुणाला सांगते तेव्हा माझा गळा भरून येतो.

आता एक खरी केस सांगते, त्यात ओळख पण आहे आणि निसटणं पण आहे. अमेरिकेत बेथेस्डाला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये स्टीव्हन रोझेनबर्ग यांची टीम आहे, त्यांनी २०१६ मध्ये एका ५० वर्षांच्या बाईंची केस छापली. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, फुप्फुसात सात गाठी. त्यांच्या कॅन्सरमध्ये केरास नावाच्या प्रोटीनमध्ये बदल होता. हे प्रोटीन जवळजवळ १९० अमिनो आम्लांचं, त्यात १२ व्या जागी ग्लायसिनऐवजी ॲस्पार्टिक ॲसिड आलेलं, बस, एवढाच फरक, १९० मण्यांच्या माळेत एक मणी वेगळा. पण त्यांच्या गाठीतच अशा काही टी सेल सापडल्या ज्यांच्या रिसेप्टरला नेमका तो एक मणी कळत होता. टीमने त्या बाहेर काढल्या, लॅबमध्ये वाढवल्या आणि दहा हजार कोटींहून जास्त पेशी परत शिरेतून दिल्या. सातच्या सात गाठी आकसल्या. नऊ महिन्यांनी त्यातली एक पुन्हा वाढायला लागली, तेव्हा ती काढून तपासली. तर त्या गाठीतल्या पेशींमध्ये बदललेला केरास होताच, पण तो ज्या ताटलीत मांडला जायचा त्या एचएलएचा जीन असलेला क्रोमोसोमचा भागच त्यांनी गमावला होता. शीत आत तसंच, पण मांडायला ताटलीच नाही. मग टी सेल बाजूने गेली तरी तिला काय कळणार?

यावरसुद्धा शरीराकडे एक उपाय आहे. एनके सेल, म्हणजे नॅचरल किलर. या उलट्या बाजूने तपासतात. स्टॉकहोमच्या क्लास कॅरे यांनी १९८६ च्या सुमारास ही गोष्ट मांडली, की एनके सेल "इथे परकं काय आहे" हे बघत नाही, "आपलं जे असायला हवं ते आहे का" हे बघते. सगळ्याच ताटल्या गायब दिसल्या की तिचा संशय बळावतो. पण वरच्या बाईंच्या कॅन्सरने सगळ्या ताटल्या टाकल्या नव्हत्या, फक्त काहीच, बाकीच्या जागेवर होत्या, त्यामुळे एनके सेललाही शांत राहण्याचं कारण मिळत असणार.

आता मारणं. टी सेल साधारण ८-१० मायक्रॉनची, केसाच्या जाडीच्या आठव्या-दहाव्या हिश्श्याएवढी, आणि समोरची कॅन्सर पेशी तिच्या दुपटीने वगैरे मोठी. किल्ली बसली की टी सेल तिला चिकटते आणि चपटी होते. तिच्या आत बारीक पिशव्या असतात, त्या सगळ्या सरकत सरकत चिकटलेल्या बाजूला येतात आणि आतला माल मधल्या फटीत ओततात, म्हणजे शेजारच्या पेशींवर शिंतोडे उडत नाहीत. या मालात दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक परफोरिन, ते समोरच्या पेशीच्या पडद्याला भोकं पाडतं. दुसरं ग्रॅन्झाइम, ते भोकांमधून आत जाऊन त्या पेशीचीच आत्मनाशाची यंत्रणा चालू करतं. ही यंत्रणा प्रत्येक पेशीत जन्मापासून असते. मग काही मिनिटांत ती पेशी आकसते आणि तिच्या कडेने बुडबुडे येऊ लागतात, पिठलं रटरटताना येतात ना तसे, डीएनएचे तुकडे होतात, आणि उरलेलं मॅक्रोफेज नावाच्या सफाई करणाऱ्या पेशी खाऊन टाकतात. टी सेल तोवर सुटून दुसऱ्या पेशीकडे निघालेली असते, एकच टी सेल एकामागून एक अनेकांना मारू शकते. याचे व्हिडिओ लॅबमध्ये घेतलेले आहेत, तुमच्या सरांना वर्गात दाखवायला सांग.

प्रश्न : माझ्या मिस्टरांना लघवीतून रक्त गेलं, मूत्राशयात गाठ निघाली, दुर्बिणीतून खरवडून काढली. आता डॉक्टर म्हणतात दर आठवड्याला एकदा असे सहा वेळा बीसीजी मूत्राशयात सोडायचं. बीसीजी म्हणजे बाळाला देतात ती टीबीची लसच ना? कॅन्सरला टीबीची लस कशी? यांना टीबी होईल का? (नाशिक)

हो काकू, तीच. आपल्या सगळ्यांच्या डाव्या दंडावर जिचा व्रण आहे ती. ऐकायला विचित्र वाटतं खरं, पण मूत्राशयाच्या वरवरच्या कॅन्सरवर ही फार जुनी आणि चांगली ट्रीटमेंट आहे. कॅनडात किंग्स्टनला अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये मोजक्या पेशंटवरचा अनुभव छापला, १९९० मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली, आणि आजही ती जगभर वापरतात.

होतं असं की बीसीजीचे दुबळे केलेले जिवाणू मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतात, शरीराला वाटतं इथे इन्फेक्शन झालं, मग पांढऱ्या पेशी, टी सेल, एनके सेल सगळ्या तिथे धावत येतात, आणि त्या धामधुमीत उरलेल्या कॅन्सर पेशींवरही त्यांची नजर पडते. आधी जिथे शांतता होती तिथे बोंब ठोकली, एवढंच खरं तर बीसीजी करतं. ही कल्पना त्याहून जुनी आहे, १८९१ मध्ये न्यूयॉर्कचे सर्जन विल्यम कोली यांनी एका जुन्या पेशंटचं ऐकून सुरुवात केली, त्याच्या मानेची गाठ त्वचेचं जबर इन्फेक्शन होऊन ताप आल्यावर विरघळली होती. कोलींनी मग मुद्दाम जिवाणू टोचून बघितले, काहींना गुण आला, काही दगावले, आणि का होतं हे कुणालाच सांगता येईना, मग रेडिएशन आलं आणि हे मागे पडलं.

आता कामाचं. औषध नळीने आत सोडतात आणि साधारण दोन तास लघवी धरून ठेवायला सांगतात. नंतर एक-दोन दिवस जळजळ, वारंवार लघवी, थोडी कणकण येणं नेहमीचं. घरी पहिले सहा तास लघवी बसूनच करायला सांगा, आणि प्रत्येक वेळी टॉयलेटमध्ये ब्लीच ओतून पंधरा-वीस मिनिटांनी फ्लश करा, कारण त्यात जिवंत जिवाणू असतात. बीसीजीचं इन्फेक्शन शरीरभर पसरणं क्वचित होतं पण होतं, त्यामुळे जास्त ताप आला, हुडहुडी भरली किंवा ताप दोन दिवसांत उतरला नाही तर "औषधाचाच ताप आहे" म्हणून घरी बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. लघवीत रक्त जास्त दिसत असेल किंवा लघवीचं इन्फेक्शन असेल तर त्या आठवड्याचा डोस पुढे ढकलतात, तेही आधीच सांगा.

प्रश्न : केमो चालू असताना इम्युनिटी वाढवायला गुळवेलीचा काढा, हळद, कोरफड घेतलं तर चालेल का? घरात सगळे आग्रह करतायत. (सातारा)

जेवणातली हळद खुशाल. काढा आणि कॅप्सूल नको, निदान तुमच्या ऑन्कोलॉजिस्टना विचारल्याशिवाय तर नकोच. केमोची औषधं लिव्हरमधून जातात, आणि २०२१ मध्ये मुंबईच्या लिव्हरतज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या सहा पेशंटची माहिती प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, की वनस्पती नीट ओळखलेली नाही, दिसायला सारखी दुसरी वेल असू शकते. पण तुमच्यासाठी तेही कारण पुरेसंच आहे, कारण बाजारातून आणलेल्या काड्या नक्की कुठल्या वेलीच्या ते तुम्ही तरी कसं ओळखणार.

आणि मुळात वर डोंबिवलीच्या ताईंना सांगितलं तेच, कॅन्सरशी लढायला टी सेलला त्याची ओळख पटावी लागते, काढ्याने ओळख पटत नाही. आग्रह करणारे मायेपोटी करतात, त्यांना सांगा डॉक्टरांनी नाही म्हटलंय, माझं नाव घेतलंत तरी चालेल. त्यापेक्षा त्यांनी डाळ, अंडी, ताजं गरम जेवण करून घातलं तर जास्त उपयोग होईल.

प्रश्न : आमच्या अण्णांना तंबाखूमुळे तोंडाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, आता परत आलाय आणि ऑपरेशन होणार नाही म्हणाले. इम्युनोथेरपी सांगितली पण खर्च ऐकून आम्ही गप्पच झालो, शेती विकली तरी पुरणार नाही. व्हॉट्सॲपवर आलं होतं की एका औषधाने १२ पैकी १२ पेशंट बरे झाले, ते मिळेल का? (लातूर)

दादा, तुमचं पत्र वाचून मीही थोडा वेळ गप्पच झाले. शेती विकायच्या आधी हे नीट वाचा.

व्हॉट्सॲपवरची बातमी खरी आहे पण तुमच्या कामाची नाही. ती २०२२ ची, न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगची, औषध डोस्टारलिमॅब. ते १२ पेशंट गुदाशयाच्या कॅन्सरचे होते, आणि तेही एका खास प्रकारचे, ज्यात पेशीची डीएनए दुरुस्त करायची यंत्रणाच बंद पडलेली असते. दुरुस्तीच नाही म्हटल्यावर शेकडो चुका साठतात, म्हणजे ताटल्यांमध्ये शेकडो बिघडलेली शितं, टी सेलला ओळखायला अगदी सोपं. गुदाशयाच्या कॅन्सरमध्येसुद्धा असे पेशंट १०० मध्ये ५-१० असतात. तोंडाच्या कॅन्सरमध्ये हा प्रकार क्वचितच.

आता इम्युनोथेरपी म्हणजे काय ते थोडक्यात. टी सेलवर ब्रेक असतात, तिने स्वतःच्याच शरीरावर हल्ला करू नये म्हणून. पीडी-१ हा एक ब्रेक, १९९२ मध्ये क्योटोला तासुकू होंजो यांच्या लॅबमध्ये सापडला. दुसरा सीटीएलए-४, त्यावर अमेरिकेत जेम्स ॲलिसन यांनी काम केलं, दोघांना २०१८ चं नोबेल. कॅन्सर पेशी लबाडी अशी करते की आपल्या अंगावर पीडी-एल-१ नावाचं प्रोटीन उभं करते, ते टी सेलच्या ब्रेकवर दाबून बसतं, मग टी सेलला समोरची पेशी ओळखू आली तरी ती हात उचलत नाही. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधं ब्रेकवर आधीच जाऊन बसतात आणि कॅन्सरला तो दाबू देत नाहीत.

तुमच्यासाठी महत्त्वाचं पुढे आहे. आपल्या मुंबईच्या टाटा मेमोरियलने नेमका हाच प्रश्न घेतला, की ज्यांना पूर्ण डोस परवडत नाही त्यांचं काय. त्यांनी डोक्या-मानेचा कॅन्सर असलेल्या, बरा होण्यासारखा नसलेल्या १५१ पेशंटवर अभ्यास केला. निम्म्यांना कमी मात्रेच्या केमोच्या गोळ्या, बाकीच्यांना त्याच गोळ्या आणि सोबत निवोलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. नेहमीचा डोस दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम असतो, म्हणजे हा दहाव्या हिश्श्याहूनही कमी. एका वर्षानंतर नुसत्या गोळ्यांच्या गटात १६.३ टक्के पेशंट हयात होते, निवोलुमॅबच्या गटात ४३.४ टक्के. एवढ्याशा औषधाने का भागतं, तर टी सेलवरचे ब्रेक मोजके असतात, ते थोड्या औषधातही बरेचसे झाकले जातात.

खोटी आशा मी लावणार नाही, या गटातसुद्धा वर्षभरात निम्म्याहून जास्त माणसं गेली. पण फरक मोठा आहे आणि तो आपल्याकडच्या पेशंटवर, आपल्या खिशाचा विचार करून सिद्ध झालेला आहे. तेव्हा तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा, "लो डोस निवोलुमॅब अण्णांना देता येईल का, त्याला एकूण किती खर्च येईल." विचारायला लाजू नका. आणि अण्णांचा त्रास, दुखणं, गिळणं यासाठी पॅलिएटिव्ह केअरची टीम असते, त्यांना आजपासूनच भेटा, शेवटासाठी ठेवू नका. शेती राहू द्या.

प्रश्न : माझ्या भावाला मेलानोमासाठी (त्वचेचा एक कॅन्सर) पेम्ब्रोलिझुमॅब चालू आहे, स्कॅन छान येतायत, पण आता खूप थकवा, वजन वाढतंय, थंडी वाजते, आणि डॉक्टर म्हणतात थायरॉइड गेलं. इम्युनिटी वाढवली तर थायरॉइड कसं जातं? (न्यू जर्सी)

ब्रेक काढला तो सगळ्या टी सेलचा काढला, फक्त कॅन्सरवाल्यांचा नाही. थायमसच्या परीक्षेतून आपल्याच अवयवांवर डोळा असलेल्या काही टी सेल निसटून बाहेर येतातच, एरवी त्यांना ब्रेक आणि रेग्युलेटरी टी सेल गप्प ठेवतात. या रेग्युलेटरी टी सेल जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवल्या, २०२५ चं नोबेल त्यांना आणि मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल यांना याच विषयासाठी मिळालं. ब्रेक निघाला की थायरॉइडवाल्या मोकळ्या सुटतात. बहुतेकांना थायरॉइडची गोळी कायमची लागते, पण कॅन्सरचं औषध सहसा चालू ठेवता येतं, त्यामुळे याला फार घाबरू नका. जुलाब, नवीन खोकला, धाप, डोळे पिवळे होणं, यातलं काही झालं तर मात्र लगेच कळवायचं, ते स्टेरॉइड देऊन आवरावं लागतं आणि उशीर झाला तर जिवावर बेततं.

प्रश्न : माझा भाचा २४ वर्षांचा, बी सेलचा ल्युकेमिया, दोनदा केमो होऊन परत आलाय. पवईला बनते ती कार-टी त्याला चालेल का? ती नेमकी काय असते? (अकोला)

कोल्हापूरच्या मुलाला सांगितलेली ताटलीची गोष्ट वाचा, म्हणजे कार-टी पटकन कळेल. यात पेशंटच्याच रक्तातून टी सेल काढतात आणि त्यांना लॅबमध्ये एक नवा रिसेप्टर बसवतात, ज्याला ताटली लागतच नाही, तो थेट कॅन्सर पेशीच्या अंगावरचं सीडी-१९ नावाचं प्रोटीन पकडतो. ताटली लपवून निसटायची सोयच राहिली नाही. मग या पेशी वाढवून परत शिरेतून देतात. आपल्याकडची ही थेरपी आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून उभी केली, ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला सरकारी परवानगी मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईला तिची सुरुवात झाली. किंमत परदेशातल्यापेक्षा कितीतरी कमी, साधारण दहावा हिस्सा, तरी लाखांतच आहे, त्यामुळे ट्रस्ट आणि मुख्यमंत्री सहायता निधीची चौकशी आत्ताच सुरू करा. बी सेल ल्युकेमिया परत आलेल्यांसाठीच ही आहे, तेव्हा भाच्याला विचारात घेतील, पण शेवटचा निर्णय त्याची तब्येत बघून होतो.

त्रास काय होतो तेही माहीत असू द्या. एवढ्या टी सेल एकदम कामाला लागल्या की जोराचा ताप येतो, बीपी पडू शकतं. २०१२ मध्ये फिलाडेल्फियाला एमिली व्हाइटहेड नावाच्या सहा-सात वर्षांच्या मुलीला सीडी-१९ वरची कार-टी दिली, ल्युकेमियाच्या लहान मुलांमध्ये पहिल्यांदाच, तेव्हा ती अगदी जाता जाता राहिली. डॉक्टरांच्या लक्षात आलं की तिच्या रक्तात आयएल-६, म्हणजे इम्युन सिस्टिमला भडकवणारं एक प्रोटीन, प्रचंड वाढलंय, आणि टीममधल्या कार्ल जून यांना त्यावरचं औषध माहीत होतं कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला संधिवात होता. ते सांध्यांचं औषध दिलं आणि एमिली वाचली. आता ते औषध आधीच हाताशी ठेवतात. दुसरं म्हणजे चांगल्या बी सेलवरही सीडी-१९ असतं, इन्फेक्शनशी लढणाऱ्या अँटिबॉडी त्यांच्यापासूनच मिळतात, त्याही मरतात, म्हणून पुढे बरेच महिने इन्फेक्शनपासून जपावं लागतं.

मुंबईला निघताना जुने सगळे कागद बरोबर घ्या, खास करून फ्लो सायटोमेट्रीचा, म्हणजे पेशींच्या अंगावर कुठली प्रोटीन आहेत ते बघणाऱ्या तपासणीचा, सगळ्यात ताजा रिपोर्ट. त्यात सीडी-१९ पॉझिटिव्ह की निगेटिव्ह लिहिलेलं असतं. तो सहा महिन्यांपूर्वीचा असेल तर ते कदाचित परत करायला सांगतील, कारण ल्युकेमियाच्या पेशी मधल्या काळात सीडी-१९ सुद्धा टाकून देऊ शकतात.